सीएसएमटीचं आधुनिकीकरण नेमकं कुठे करायचं?

(हे आमच्या ताज्या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे. गणितं ऐकताना डोक्यावरून जातात अशी तक्रार आली होती, म्हणून ती इथे सावकाश मांडली आहेत.)



आज आपण एका स्टेशनबद्दल बोलणार आहोत. सीएसएमटी. माझी आजी अजूनही व्हीटीच म्हणते आणि टॅक्सीवाल्यांनाही तेच लगेच कळतं. मी रेल्वेचा माणूस नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण आमच्या धंद्यात एक कायमचं दुखणं असतं : जुनी सिस्टिम, रोज लाखो लोक वापरतात, बंद करता येत नाही आणि आहे तशी ठेवताही येत नाही. सीएसएमटीकडे बघितलं की मला तेच दिसतं. फक्त इथे सिस्टिम दगडाची आहे आणि युनेस्कोच्या यादीत आहे.

विषय सुचला आईमुळे. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर काही महिन्यांनी तिला मावशीकडे सोलापूरला जायचं होतं. आम्ही चेंबूरला राहतो. मी म्हटलं, दादरहून गाडी पकडू, जवळ पडेल. आई म्हणाली, "नको रे. कुर्ल्याला बदलायचं म्हणजे जिना, दादरला परत जिना. त्यापेक्षा हार्बरने सरळ व्हीटीला जाऊ. तिथे सगळं सपाट आहे."

मी इतकी वर्षं त्या स्टेशनात जातोय, माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. हार्बरची लोकल एक किंवा दोन नंबरला लागते, म्हणजे स्टेशनच्या पार पश्चिमेच्या टोकाला. लांब पल्ल्याच्या गाड्या पूर्वेकडे. चालणं भरपूर झालं, आई मधे दोनदा बसली. पण एकही जिना नाही. आजच्या भागात हे लक्षात ठेवा, शेवटी आपण इथेच परत येणार आहोत.

आधी थोडा इतिहास, कारण तो नकाशात दिसतो

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १४ डबे, साधारण ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर. तेव्हा आजची इमारत नव्हती. तिचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीला ५० वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं आणि बांधकाम पुरं व्हायला एकंदर दहा वर्षं लागली. कोरीव कामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये 'महाराज' जोडलं गेलं. २००४ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे.

आता एक गंमत बघा. आपण जिला 'स्टेशन' म्हणून फोटोत काढतो, ती इमारत मुख्यतः ऑफिस आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं मुख्यालय म्हणून ती बांधली, आजही मध्य रेल्वेचं मुख्यालय तिथेच आहे. घुमट, जिना, नक्षी, सोनेरी चांदण्यांच्या छताचा तो तिकीट हॉल – ज्याला स्टार चेंबर म्हणतात – हे सगळं दर्शनी इमारतीत. गाड्या थांबतात ते शेड त्यामानाने साधं. लंडनच्या सेंट पँक्रसला जशी गाड्यांच्या डोक्यावरची प्रचंड कमान हेच वैभव आहे, तसं इथे नाही.

म्हणजे "वारसा इमारत आहे म्हणून स्टेशन सुधारता येत नाही" हे वाक्य आपण फार सहज बोलतो, पण ते अर्धंच खरं आहे. वारसा एका टोकाला आहे. अडचण दुसऱ्या टोकाला आहे.

अडचण कुठे आहे? गळ्यात

सीएसएमटी हे टर्मिनस आहे, म्हणजे रूळ तिथे संपतात. गाडी आत येते, थांबते आणि आली त्याच बाजूने बाहेर पडते. एकूण १८ प्लॅटफॉर्म. एक-दोन हार्बरचे, तीन ते सात मेन लाइनच्या लोकलचे, आठ ते अठरा लांब पल्ल्याचे.

आता हे १८ रूळ मशीद बंदरच्या दिशेने जाताना मोजक्या मार्गांमध्ये एकत्र येतात. ही जी रुळांची जाळी आहे, कात्रीसारखे एकमेकांना छेदणारे सांधे, तिला मी 'गळा' म्हणणार आहे. पोट कितीही मोठं असू दे, गळ्यातून जेवढं उतरतं तेवढंच उतरतं.

एक ढोबळ गणित करू. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा लोकल प्लॅटफॉर्मला लागल्यापासून परत सुटेपर्यंत ६ मिनिटं जातात. ती गळ्यातून बाहेर पडून पुढची आत यायला आणखी ३ मिनिटं. म्हणजे एका प्लॅटफॉर्मवर ९ मिनिटांना एक गाडी. मेन लाइनला पाच प्लॅटफॉर्म आहेत, तर तासाला साधारण ३३ गाड्या. आता या ९ मधलं फक्त एक मिनिट वाचवलं तर? ८ मिनिटांना एक, पाच प्लॅटफॉर्म, तासाला साधारण ३७. एक वीट न हलवता, एक प्लॅटफॉर्म न वाढवता, तासाला चार जादा लोकल.

ते मिनिट कुठून आणायचं? १२ डब्यांची लोकल जवळपास २५० मीटर लांब असते. सांध्यांवरून ती ताशी १५ किलोमीटरने सरकत असेल, तर स्वतःची लांबी पार करायला तिला ६० सेकंद लागतात. ताशी ३० ने गेली तर ३० सेकंद. म्हणजे सांधे चांगले असले, त्यांची रचना वेग सहन करणारी असली, तर आत येताना अर्धं मिनिट आणि बाहेर जाताना अर्धं मिनिट. आलं की एक मिनिट!

पण यात एक मेख आहे. येणारी गाडी जाणाऱ्या गाडीचा रस्ता कापून आत शिरत असेल, तर दोघींपैकी एकीला थांबावंच लागतं. बाहेर लाल सिग्नलला लोकल उभी राहते, मशीद सोडून पाच मिनिटं झाली आणि समोर स्टेशन दिसतंय तरी आत जात नाही. लोक दारातून उड्या मारून रुळांवरून चालायला लागतात. तुम्ही कधी ना कधी हे पाहिलंच असेल. (तुम्ही मारू नका, प्लीज.) ते थांबणं म्हणजे गळ्यातली टक्कर. ती टाळायची तर कोणती गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला घ्यायची, याचं वेळापत्रक रुळांच्या रचनेशी जुळवावं लागतं.

आजवर काय काय बदललं?

आता कुणी म्हणेल की हे स्टेशन म्हणजे संग्रहालयच आहे. तसं अजिबात नाही. आत बरंच काही बदललंय, फक्त ते फोटोत येत नाही.

पहिला बदल विजेचा. ३ फेब्रुवारी १९२५ ला भारतातली पहिली विजेवरची गाडी इथूनच सुटली, हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत. दाब होता १५०० व्होल्ट, डीसी. म्हणजे वाफेच्या इंजिनासाठी बांधलेलं स्टेशन चाळीस वर्षांच्या आत विजेवर आलं.

ते १५०० व्होल्ट पुढे जवळपास नव्वद वर्षं चाललं. अडचण साध्या शाळेतल्या सूत्राची आहे : शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. समजा एका लोकलला ३ मेगावॉट हवेत. १५०० व्होल्टला त्यासाठी २००० अँपिअर करंट लागतो. २५,००० व्होल्टला फक्त १२०. करंट जितका जास्त, तितकी तार तापते, वीज वाया जाते, सबस्टेशन जवळजवळ लागतात आणि एका वेळी जास्त गाड्या जोरात पळू शकत नाहीत. म्हणून २५,००० व्होल्ट एसी.

पण रोजच्या गाड्या बंद करून हे करणार कसं? आमच्याकडे मायग्रेशन करताना जुनी आणि नवी सिस्टिम काही काळ शेजारी शेजारी चालवतात. इथेही तेच केलं. दोन्ही दाबांवर चालतील अशा लोकल आणल्या. काही भाग एसी, काही डीसी, मधे विनाविजेचा छोटा तुकडा, जिथे गाडी नुसत्या वेगाने पुढे सरकते आणि पलीकडे दुसरी वीज घेते. असं करत करत २०१५ मध्ये मेन लाइन पूर्ण झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर. तुम्ही-आम्ही रोज प्रवास करत होतो आणि डोक्यावर वीज बदलत होती.

या बदलाने एक वेगळीच गोष्ट उघडी पाडली. २५,००० व्होल्टच्या तारेला आजूबाजूच्या वस्तूंपासून जास्त अंतर लागतं. आणि दक्षिण मुंबईत रुळांवरचे जुने पूल ठेंगणे! सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला. सीएसएमटी आणि मशीदच्या मधला कर्नाक पूल, जो १५० वर्षांहून जुना होता आणि धोकादायकही झाला होता, तो नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा ब्लॉक घेऊन उतरवला. तिथला नवा पूल जुलै २०२५ मध्ये सुरू झाला. म्हणजे स्टेशन आधुनिक करायचं, तर स्टेशनच्या बाहेरचा रस्ता बदलावा लागतो. आमच्या भाषेत डिपेंडन्सी. एक धागा ओढला की दुसरीकडे शिवण उसवते.

सांध्यांचा मेंदू

आता माझा आवडता भाग. इंटरलॉकिंग.

कल्पना सोपी आहे. एखाद्या मार्गाचा सिग्नल हिरवा होण्याआधी काही अटी पुऱ्या झाल्याच पाहिजेत. त्या मार्गातले सगळे सांधे योग्य बाजूला वळलेले आणि कुलूपबंद हवेत. पुढचा रूळ रिकामा हवा. आणि त्या मार्गाला छेदणारा दुसरा कुठलाही सिग्नल हिरवा नको. यातली एक जरी अट चुकली तरी सिग्नल लालच राहणार. माणसाने बटण दाबलं तरी!

सुरुवातीला हे काम लोखंडी दांडे करायचे. एक दांडा ओढला की दुसरा अडकायचा. नंतर रिले आले. रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच. असे हजारो स्विच एकमेकांना जोडून 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं जाळं तयार करायचं. प्रोग्रामिंग केलेल्यांना कळलं असेल, हा चक्क कोडच आहे, फक्त तारांमध्ये लिहिलेला. त्यात बदल करायचा म्हणजे प्रत्यक्ष तारा बदलायच्या.

आता इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग येतंय. तेच नियम संगणकात, पण आपल्या ऑफिसातल्यासारख्या संगणकात नव्हे. इथे एकाच वेळी दोन किंवा तीन प्रोसेसर तोच हिशोब करतात आणि उत्तर जुळलं तरच पुढची हालचाल. जुळलं नाही तर सिग्नल लाल. आमच्याकडे ॲप बंद पडलं तर लोक शिव्या देतात. इथे 'बंद पडणं' हाच सुरक्षित पर्याय मानून सगळं रचलेलं असतं.

जून २०२४ च्या सुरुवातीला सीएसएमटीला ३६ तासांचा आणि ठाण्याला ६३ तासांचा ब्लॉक झाला होता, आठवतंय? नऊशेहून जास्त लोकल रद्द. सीएसएमटीमध्ये दहा आणि अकरा नंबरचे प्लॅटफॉर्म २४ डब्यांच्या गाडीसाठी लांब करायचे होते, आणि त्याच वेळी नवीन इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग सुरू करायचं होतं. ही दोन कामं एकत्र का? कारण प्लॅटफॉर्म लांब झाला की सांधे सरकतात, सांधे सरकले की नियम बदलतात, आणि नियम बदलायचेच आहेत तर जुन्या तारांमध्ये कशाला बदला?

अशा बदलाच्या काळात काय करतात माहितीये? जुना मेंदू बंद, नवा अजून चालू नाही. मग माणसं सांध्यांना क्लॅम्प लावून खरोखरचं कुलूप घालतात आणि गाड्या हाताने मार्ग देऊन सोडतात. त्या शनिवार-रविवारी आपण घरी बसून चिडत होतो, तेव्हा उन्हात रुळांवर उभं राहून कुणीतरी हे करत होतं. नवी यंत्रणा सुरू झाल्यावरही पहिले काही दिवस गाड्या रेंगाळल्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. रिलीजनंतरचा सोमवार कसा असतो ते मला ठाऊक आहे.

लांबीचा प्रश्न आणि जगाने काढलेले दोन मार्ग

२४ डब्यांची गाडी किती लांब? आजचा डबा साधारण २४ मीटरचा, म्हणजे ५७६ मीटर आणि वर इंजिन. जवळपास ६०० मीटर. आता प्लॅटफॉर्म दक्षिणेला वाढवता येत नाही, तिकडे स्टीव्हन्सची इमारत आहे. उत्तरेला वाढवायचा तर गळा मागे ढकलावा लागतो. आणि मशीद स्टेशन जेमतेम एक-सव्वा किलोमीटरवर! म्हणजे प्लॅटफॉर्मला दिलेली प्रत्येक मीटर जागा यार्डातून कापून घ्यायची. फुकट काहीच नाही.

हाच पेच इतर जुन्या स्टेशनांनाही पडला. दोन उदाहरणं सांगतो, कारण दोघांनी दोन वेगळे रस्ते घेतले.

पहिलं लंडनचं सेंट पँक्रस, १८६८ चं. सीएसएमटीचं नाव निघालं की वास्तुकलेतले लोक याचं नाव हमखास काढतात. १९६० च्या दशकात ते बंद करून पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी विरोध केला आणि १९६७ मध्ये इमारतीला सर्वोच्च दर्जाचं संरक्षण मिळालं. पुढे तिथे युरोस्टार आणायची ठरली. ती गाडी जवळपास ४०० मीटर लांब, आणि जुनी कमान साधारण २१० मीटर. मग त्यांनी काय केलं? कमान तशीच ठेवली, तिच्या पुढे नवीन, साधं, सपाट छप्पर जोडलं आणि गाड्या दोन्ही छपरांखाली मिळून उभ्या केल्या. नव्याने जुन्याची नक्कल केली नाही, हे मला फार आवडलं.

त्याहून हुशारीचं काम खाली झालं. तिथले रूळ रस्त्यापेक्षा उंचावर आहेत आणि खाली मोठं तळघर होतं. त्यात बिअरची पिंपं ठेवायचे, खांबांमधलं अंतरसुद्धा पिंपांच्या मापाने ठरवलेलं! तेच तळघर आता प्रवाशांचं दालन झालं. वरच्या फरशीत मोठे झरोके कापले, जुन्या छपरातून येणारा उजेड थेट खाली पोचला. नोव्हेंबर २००७ मध्ये ते सुरू झालं.

दुसरं उदाहरण बेल्जियमचं अँटवर्प सेंट्रल, १९०५ चं. तेही टर्मिनस, तेही इतकं देखणं की पाडायचा विचारच नको. पण ब्रुसेल्सहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या गाडीला तिथे उलटं फिरून बाहेर पडावं लागे. त्यांनी गळ्याचा प्रश्न मुळातच संपवला : शहराच्या पोटातून बोगदा काढला. १९९८ ते २००७ काम चाललं. आता वरच्या मजल्यावर सहा रूळ जुन्या छपराखाली संपतात, त्याखाली चार, आणि सगळ्यात खाली चार रूळ आरपार जातात. टर्मिनस होतं, त्याच्या पोटातून वाटेतलं स्टेशन निघालं.

मुंबईत काय होतंय? थोडं दोन्ही. प्लॅटफॉर्म पुढे वाढतायत, हे सेंट पँक्रससारखं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा कफ परेडपर्यंत सुरू झाला, तिचं भुयारी स्टेशन सीएसएमटीलाच आहे. लोकलचा रूळ इथे संपतो, पण प्रवास जमिनीखालून आरपार सुरू राहतो. अँटवर्पने रूळ आरपार नेले, मुंबईने माणसं.

तिसरा रस्ता आणखी एक आहे, तो म्हणजे गाडी गळ्यापर्यंत आणूच नका. मार्च २०१९ पासून काही लोकल परळहून सुटायला लागल्या, त्या त्यासाठीच. आणि कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंतची पाचवी-सहावी मार्गिका, जिच्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला होतील, ती झाली तर स्टेशनच्या आत काही न करताही स्टेशन सुधारेल. तिची वाट आपण वर्षानुवर्षं बघतोय.

आता पुढचं : छपरावरचा चौक

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला मिळून सुमारे १०,००० कोटी रुपये मंजूर केले. त्या योजनेतली मध्यवर्ती कल्पना म्हणजे रुळांच्या वर बांधलेला प्रशस्त चौक : खाणं, बसायची जागा, दुकानं, प्रतीक्षालय, आणि तिथून खाली प्लॅटफॉर्मवर उतरायचं.

नवी दिल्लीसारख्या आरपार स्टेशनात हे अगदी बरोबर आहे. तिथे प्लॅटफॉर्म बदलायला पूल चढावाच लागतो, मग तो पूलच मोठा आणि चांगला केला तर उत्तम. पण सीएसएमटी आरपार नाही! इथे सगळे प्लॅटफॉर्म एका टोकाला जमिनीवरच जोडलेले आहेत. रस्त्यावरून आत आलात, डावीकडे-उजवीकडे वळलात, पोचलात. टर्मिनस असण्याचे तोटे आपण मघापासून मोजतोय, पण हा त्याचा मोठा फायदा आहे. तो एका दिवंगत इंग्रज वास्तुकाराने दिलाय आणि त्यासाठी वीज लागत नाही, देखभालीचं कंत्राट लागत नाही, तो कधी 'दुरुस्तीसाठी बंद' नसतो.

माझी भीती एवढीच आहे की नव्या आराखड्यात हा फायदा नकळत हरवेल. म्हणतील, लिफ्ट आहे ना, सरकता जिना आहे ना. आहे. पण संध्याकाळी सहाला लोकल सुटायला तीन मिनिटं असताना लिफ्टसमोर रांगेत उभं राहून बघा. लिफ्ट ही सोय आहे, सपाट वाट हा हक्कासारखा आहे. दोन्हींची किंमत सारखी नाही.

मी चौकाच्या विरोधात नाही. आज सीएसएमटीत लांबच्या गाडीची वाट बघणारी कुटुंबं जमिनीवर चादर अंथरून बसतात, लोकलला धावणाऱ्यांच्या पायांत येतात. त्यांना वर चांगली जागा मिळाली तर खालची वाट मोकळी होईल. शिवाय येणारे आणि जाणारे वेगळे केले तर गर्दीचा छातीवरचा दाब कमी होईल. १४ मार्च २०१९ ला स्टेशनलगतचा पादचारी पूल कोसळून माणसं गेली, त्यानंतर तर पायी चालणाऱ्याचा रस्ता हा 'सुशोभीकरणाचा' विषय मानणं पापच आहे. फक्त वर जाणं ऐच्छिक हवं. ज्याला बसायचंय त्याने वर जावं. ज्याला गाडी पकडायचीय त्याला फुटपाथपासून डब्यापर्यंत जमिनीवरूनच जाता यावं.

आमच्याकडे जुना कोड नव्याने लिहायला घेतला की एक नियम पाळतात. जुनं आधी चालवून बघा, ते काय काय करतं त्याची यादी करा, कारण कुठेतरी लिहिलेलं नसतं पण कुणीतरी त्याच्यावर अवलंबून असतं. नवीन माणूस ते 'फालतू' समजून काढतो आणि मग फोन वाजायला लागतात. सीएसएमटीची सपाट वाट ही तशी न लिहिलेली गोष्ट आहे. तिच्यावर माझी आई अवलंबून आहे. डोक्यावर गाठोडं घेतलेले हमाल, डबेवाले, पोर कडेवर घेतलेली बाई, काठी टेकत चालणारे काका, सगळे अवलंबून आहेत. आराखड्यात त्यांच्या रांगेला नाव नसतं.

तर लक्षात काय ठेवायचं?

कुठल्याही जुन्या स्टेशनाच्या आधुनिकीकरणाची बातमी आली, मग ते सीएसएमटी असो की तुमच्या गावचं, तर चकचकीत चित्र बघून झाल्यावर तीन प्रश्न विचारा.

पहिला : गळ्याचं काय? यार्ड, सांधे, सिग्नल, जादा मार्गिका यांच्यासाठी किती पैसा आहे आणि काचेसाठी किती? गाड्यांची संख्या पहिल्या गोष्टीने वाढते, दुसरीने नाही.

दुसरा : रस्त्यावरून गाडीच्या दारापर्यंत आज किती मिनिटं आणि किती पायऱ्या, आणि उद्या किती? उद्याचा आकडा मोठा असेल तर त्याला सुधारणा म्हणू नका, मग छत कितीही उंच असो.

तिसरा : काम चालू असताना गाड्यांचं काय? बदल टप्प्याटप्प्याने कसा होणार, आणि एखादा टप्पा फसला तर आधीच्या स्थितीत परत कसं यायचं? सीएसएमटीने वाफेवरून विजेवर, डीसीवरून एसीवर, तारांच्या मेंदूवरून संगणकाच्या मेंदूवर असे उड्डाणासारखे बदल दुकान उघडं ठेवून केलेत. त्यामुळे "जमणारच नाही" हे उत्तर मान्य करू नका.

आणि वारसा? मला तर वाटतं, त्या इमारतीचा सगळ्यात मोठा रक्षक युनेस्कोचा कागद नाही. रोज तिच्यातून जाणारी लोकल आहे. सेंट पँक्रस पाडायची भाषा झाली ती त्याची गरज संपत आली असं वाटलं तेव्हा. ज्या स्टेशनातून लाखो माणसं रोज वेळेवर घरी पोचतात, ते पाडायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आईचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी आम्ही गाडी सुटायच्या बारा मिनिटं आधी डब्यात बसलो. ती म्हणाली, "बघ, पोचलो की नाही?" मी बॅग वर ठेवत होतो, नुसतं हं म्हटलं. आता पुढच्या महिन्यात तिला परत जायचंय. परवा विचारत होती, "तिथे काम चाललंय म्हणतात. वाट तीच आहे ना रे?"

आजच्या तारखेला आहे, आई.

तुमच्या रोजच्या स्टेशनात अशी कुठली न लिहिलेली सोय आहे, जी गेल्यावरच तिची किंमत कळेल? नक्की कळवा, पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवीन. तोवर काळजी घ्या, आणि दारात लटकू नका.